उधारीच्या वहीतलं पान

आमच्या चियातुरात नदी काळी वाहते,
मँगनीज धुतलेलं पाणी,
आणि दुकानाच्या फळीवर रोज सकाळी
बोटानं नाव लिहावं इतकी धूळ. मी पुसते.
मग वही उघडते.

वहीत सगळा डोंगर आहे.
ज्याच्या त्याच्या नावाचं पान: पाव, तेल, राजमा,
सिगारेटी वेगळ्या शाईत, बायकांना दिसू नयेत म्हणून.
मार्चमध्ये खाण बंद पडली.
अमिरानचं पान भरलं, मग पाठची बाजू,
मग खळ लावून मी एक जादा कागद डकवला.

पाव न्यायला तो येत नाही, पोरीला पाठवतो.
तेकले. सहा वर्षांची. फळीला हनुवटी जेमतेम टेकते.
लहान पोरासमोर वही काढली
की माणूस जरा हळू बोलतं, हे त्याला ठाऊक आहे.
त्याला ठाऊक आहे, हे मला.

गेल्या वर्षी हीच पोर
दार ढकलायची ते पायानं.
बरणीत कोपरापर्यंत हात,
नाही मिळालं तर इथंच फरशीवर लोळण,
असा टाहो की वरून जाणाऱ्या पाळण्यातली माणसं
वाकून बघायची.
मी वैतागायचे. म्हणायचे, हिला कुणीतरी वळण लावा गं.

लागलं.

आता दारात पाय पुसते.
शाळेत अक्षरं अजून सुरू व्हायचीत,
पण माझा चेहरा आधी वाचून घेते,
मग ठरवते, एक पाव मागायचा की दोन.
मे महिन्यात विचारायची, ही गोळी केवढ्याला?
जूनमध्ये विचारणं थांबलं.
ऑगस्टात मीच होऊन एक पुढे केली
तर म्हणाली, मला गोड आवडत नाही.
डोळ्याला डोळा देऊन म्हणाली.
क्षणभर मला खरंच वाटलं.

धाकटा ओतिया केळ्यांकडे बोट दाखवतो.
ती ते बोट धरते, हळूच मिटते,
घडीचा चाकू मिटावा तसं.
"पुढच्या आठवड्यात," म्हणते, थेट इझाच्या आवाजात.
इझा, त्यांची आई, बारीला आहे, तिकडे इटलीत.
कुणा परक्या म्हातारीला न्हाऊ-माखू घालते.
दुकानातल्या फोनवर विचारते, जेवलीस?
पोट फुटेस्तोवर, म्हणते तेकले,
आणि फोन बंद होईपर्यंत हसू सांभाळते,
काठोकाठ भरलेलं भांडं
जिन्यावरून न्यावं तसं.

पावाच्या रांगेतल्या बायका म्हणतात,
किती समजूतदार पोर!
मीही म्हणाले असेन. म्हणालेच आहे.

एकदा दुपारी पायरीवर दोघं खेळत होती.
ओतिया गिऱ्हाईक, ती मी.
खडा म्हणजे पाव, अक्रोडाचं पान म्हणजे वही.
त्यानं खडा मागितला.
तिनं टाळूला जीभ लावून
च्च केलं,
आणि मान न उचलता म्हणाली,
"आधीचं किती झालंय, बाळ?"

तो आवाज मी करते, हे मला माहीत नव्हतं.
सत्तर वर्षं या तोंडात राहतेय.

त्या रात्री तिच्या पानावरची चार ओळींची साखर
मी खोडली. कुणाला सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली,
कारण ठोक बाजारवाल्याकडे
माझंही एक पान आहे.

डिसेंबरात भोंगा वाजला. खाण सुरू झाली.
अमिरान स्वतः आला, दाढी करून, गालावर कापलेलं.
नोटा मोजून ठेवल्या. मी आडवी रेघ मारली,
डकवलेल्या कागदासकट.
मग त्यानं बरणीकडे बघितलं, म्हणाला, सगळी दे,
नवं वर्ष आहे.
मी बरणी पालथी केली. तळाला ठोकलं.

सकाळी, फळी पुसायच्या आधी, दार वाजलं.
तेकले. हातात तीच पिशवी.
वर दोन चांद्या, नखानं सपाट करून, घडी घातलेल्या.
"ओतियानं दोन खाल्ल्या,
त्यांचे पैसे कापून घ्या," म्हणाली.
"बाकीच्या मोजून बघा, आजी.
परत घेता का?"